डिजिटल झालं म्हणजे जपलं गेलं असं नाही

बंगालच्या लोककलांचं संकलन म्हणून एक हार्ड डिस्क हातात येते. उघडावी तर आत ‘न्यू फोल्डर २’ आणि त्यात ‘ट्रॅक ०१’ ते ‘ट्रॅक ४७’. गाणी वाजतात, आवाजही बरा आहे. पण कोण गातंय, कुठल्या गावात, कुठल्या साली, याचा पत्ता नाही. ही डिस्क म्हणजे डिजिटायझेशन. तिला अर्काइव्ह म्हणता येणार नाही. बोलताना मात्र हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, अनुदानाच्या अर्जातसुद्धा. मग सगळा पैसा पहिल्या कामावर खर्च होतो आणि दुसरं राहूनच जातं.

डिजिटायझेशन म्हणजे कॅसेट, स्पूल किंवा व्हीएचएसवरचं ध्वनिमुद्रण फाइलमध्ये उतरवणं. हे काम एकदा करायचं असतं आणि ते संपतं. अर्काइव्हचं काम म्हणजे डिजिटल जतन: ती फाइल पुढेही उघडेल, जशीच्या तशी राहील आणि ऐकणाऱ्याला तिचा अर्थ लागेल, याची सोय करत राहणं. ते कधीच संपत नाही.

आधी पहिलं काम बघू, कारण तिथे झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही. मालदा-मुर्शिदाबादच्या दमट हवेत पडून राहिलेली कॅसेट थेट वाजवू नये. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती प्लेअरमध्ये घालायचीच नाही. बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या दहा कॅसेटींना लागते. कॅसेट स्वच्छ असेल तर आत टेपला हेडवर दाबून धरणारी फेल्टची गादी जागेवर आहे का ते बघायचं. बरेचदा ती गळून पडलेली असते आणि आवाज येतो-जातो. तेव्हा टेप काढून स्क्रूने उघडणाऱ्या नव्या खोक्यात बसवावी लागते. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्यायची, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं.

त्यानंतर अॅझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन. ज्या रेकॉर्डरवर मूळ मुद्रण झालं त्याचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन क्वचितच जुळतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐकायचं आणि झांजेचा आवाज सगळ्यात लख्ख येईपर्यंत हेडचा छोटा स्क्रू हलकेच फिरवायचा. हे टाळलं तर वरचे स्वर बोथट होतात आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवून ते परत येत नाहीत, नुसती खरखर वाढते.

गावात बॅटरीवर चालणाऱ्या रेकॉर्डरची आणखी एक गंमत. सेल उतरत आले की टेप हळू फिरायची. आज ठरलेल्या वेगाने वाजवली तर रात्र सरेल तसा गायकाचा आवाज चढत जातो आणि ताल धावायला लागतो. मूळ फाइलमध्ये हे दुरुस्त करायचं नाही, खरखरही काढायची नाही. फाइलचं माप ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह (म्हणजे आकुंचित न केलेली), जसं आहे तसं. वेग सुधारलेली प्रत वेगळी करायची आणि तसं लिहून ठेवायचं.

याच टप्प्यावर होणारी मोठी नासधूस म्हणजे ‘फक्त गाणी ठेवू, मधली बडबड कापू’. आलकाप या मालदा-मुर्शिदाबादकडच्या लोकनाट्यात ती बडबड हाच जीव आहे. आसर वंदना, छडा, काप, बैठकी गान आणि खेमटा पाला असा त्याचा क्रम. त्यातल्या काप या विनोदी नाट्यभागाचे संवाद जागच्या जागी रचले जातात, लिखित संहिता नसते. स्त्रीवेशातला ‘छोकरा’ आणि विनोदी नट यांच्यातली जुगलबंदी कापून टाकली की मागे उरतं ते आलकाप नसतं. तमाशातून बतावणी वगळून नुसत्या लावण्या ठेवाव्यात, तसं हे.

आता दुसरं काम. ६० मिनिटांच्या २०० कॅसेटी धरा. वरच्या मापाने तासाला साधारण २ जीबी, म्हणजे सगळं मिळून ४१५ जीबीच्या आसपास. एक टीबीच्या डिस्कमध्ये आरामात मावतं, तीन प्रतींसाठी तीन डिस्क. जागा ही अडचणच नाही. अडचण नोंदींची असते.

मालद्याची गंभीरा घ्या. चैत्राच्या अखेरीस गावकरी शिवाला ‘नाना’ म्हणत त्याच्यापुढे वर्षभराची गाऱ्हाणी गातात: पूर, महागाई, पुढाऱ्यांच्या थापा. तारीख नसेल तर कुठला पूर आणि कुठला पुढारी? मुद्रण निर्दोष असूनही गाणं मुकं होतं. शिवाय गंभीरा म्हणजे हे गाणं आणि गंभीरा म्हणजे मुखवट्यांचं नृत्यही. नोंदीत नुसतं ‘गंभीरा’ लिहिलं तर दोन वेगळ्या गोष्टी एका खणात पडतात. छौ या नृत्याचंही तेच. युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलेल्या छौमध्ये पुरुलिया, सराईकेला आणि मयूरभंज अशा तीन शैली आहेत. पहिल्या दोन मुखवट्याच्या, तिसरी बिनमुखवट्याची. शैली आणि जिल्हा लिहिल्याशिवाय ‘छौ’ हा शब्द निरुपयोगी.

पश्चिम मेदिनीपूरमधल्या पिंगलाजवळच्या नया गावातले पटुआ, म्हणजे चित्रांचे पट रंगवून ते गाऊन दाखवणारे, तर नोंदवहीची परीक्षाच बघतात. आडनाव सगळ्यांचं चित्रकर. धर्माने बहुतेक मुसलमान, गातात मनसा ही नागदेवी, दुर्गा आणि रामायण, आणि पुष्कळांना दोन नावं असतात, एक हिंदू वळणाचं, एक मुसलमानी. एकाच कलावंताची गाणी दोन नावांखाली विखुरतात. उपाय साधा आहे: प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक द्यायचा आणि सगळी नावं त्याखाली लिहायची, बांगला लिपीतसुद्धा, कारण रोमन स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करतो.

पटाच्या गाण्यात बोटही नोंदवावं लागतं. गायक पट उलगडत एकेका चौकटीवर बोट ठेवून गातो. नुसत्या ध्वनिमुद्रणातून ‘ही बघा’ म्हणजे कोण ते कळत नाही. म्हणून पूर्ण पटाचा फोटो, प्रत्येक चौकटीचा वेगळा फोटो आणि कितव्या सेकंदाला कितवी चौकट हा तक्ता, तिन्ही हवेत. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीत पानं सुटी असल्यामुळे पानांचा क्रमही लिहावा लागेल.

नोंदी असल्या की काय होतं, याचं उदाहरण बंगालातच आहे. डच संशोधक आर्नल्ड बाके यांनी १९३० च्या दशकात मेणाच्या नळकांड्यांवर इथली गाणी घेतली. एका नळकांड्यावर मावणार जेमतेम काही मिनिटं. पण कुठे, कोणाचं हा माग शिल्लक होता, म्हणून ‘द ट्रॅव्हलिंग अर्काइव्ह’ या बंगाली लोकसंगीताच्या संग्रहाच्या मौसुमी भौमिक आणि सुकांत मजुमदार यांना ती मुद्रणं घेऊन पुन्हा त्या त्या ठिकाणी जाता आलं.

फाइल तीच राहिली आहे का, हे कानाने कळत नाही. त्यासाठी चेकसम. एसएचए-२५६ या पद्धतीने तो काढला की प्रत्येक फाइलची ६४ अक्षरांची खूण मिळते. एक बिट बदलला तरी ती पूर्ण बदलते. पहिल्याच दिवशी खूण काढून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायची आणि सहा महिन्यांनी पुन्हा ताडून बघायची. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. एकाच कपाटातल्या तीन डिस्क म्हणजे एकच प्रत, एवढं पुराच्या प्रदेशात तरी सांगावं लागू नये.

‘आम्ही यूट्यूबवर टाकलंय की’ हे उत्तर वारंवार ऐकू येतं. टाकावं, जरूर. पण यूट्यूब फाइल पुन्हा आकुंचित करतं, म्हणजे तुम्ही दिलेली फाइल लोकांना मिळतच नाही. पारंपरिक चाल एखाद्या कंपनीच्या मुद्रणाशी जुळली म्हणून स्वयंचलित कॉपीराइट दावा लागू शकतो. खातं बंद झालं की सगळंच गेलं. ती खिडकी आहे, कोठार नव्हे.

आणि हक्क. गाणं पारंपरिक असलं तरी सादरीकरण कलावंताचं असतं. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं टिकतो. त्यामुळे संमतीपत्रात एकच सही घेऊन भागत नाही. अभ्यासासाठी, इंटरनेटवर ऐकवण्यासाठी आणि व्यावसायिक वापरासाठी, असे तीन वेगळे रकाने ठेवायचे आणि ते कलावंताला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचे.

पैसे थोडे असतील तर क्रम उलटा करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एका कॅसेटीला हाताळणी धरून अडीच तास लागतात, २०० ना ५०० तास. बुरशी न लागलेली कॅसेट कोरड्या डब्यात आणखी काही वर्षं काढेल. आलकापच्या फडाचा ऐंशीला टेकलेला ‘सरकार’, म्हणजे फडाचा म्होरक्या, काढेल असं नाही. म्हणून सुस्थितीतल्या कॅसेटींची आधी फक्त पहिली दोन मिनिटं उतरवायची, ती घेऊन त्याच्याकडे बसायचं आणि ‘हा आवाज कोणाचा?’ एवढंच विचारत, शेजारी दुसरा रेकॉर्डर चालू ठेवायचा.