केफ्ता म्कव्वरा

मोरोक्कोच्या घरगुती स्वयंपाकातील एक प्रमुख मांसाहारी पदार्थ. मसाला लावून मळलेल्या खिम्याचे लहान गोळे टोमॅटोच्या दाट रसात मंद आचेवर शिजवतात आणि उतरवण्याआधी बहुधा त्यावर अंडी फोडून घालतात. मोरोक्कोत ‘केफ्ता’ म्हणजे केवळ गोळे नव्हेत. मसाला घातलेला कच्चा खिमा, तोच सळईवर थापून निखाऱ्यांवर भाजलेला, पातळ पारीत भरून तळलेला, हे सारे केफ्ताच. ‘म्कव्वरा’ या विशेषणाने त्यातला गोल वळलेला प्रकार वेगळा काढला जातो. प्रस्तुत नोंद मुख्यतः या प्रकाराविषयी, तो घरी कसा करतात त्याविषयी आहे.

व्युत्पत्ती व उगम : केफ्ता, अरबी कुफ्ता किंवा कफ्ता, तुर्की कोफ्ते आणि आपल्याकडचा कोफ्ता हे सर्व शब्द फार्सी ‘कूफ्तन’ (कुटणे) या धातूपासून आले, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो शब्द आणि पदार्थ मोरोक्कोत एकत्र आले की वेगवेगळ्या वाटांनी आले, यावर.

पहिला पक्ष ओटोमन प्रभावाचा. इजिप्तपासून अल्जिअर्सपर्यंतचा उत्तर आफ्रिकेचा किनारा सोळाव्या शतकात ओटोमन सत्तेखाली आला आणि तुर्की खाद्यपदार्थ तेथे रुजले. मोरोक्कोतील केफ्ता हा त्याचाच विस्तार, असे हा पक्ष मानतो. यातली मुख्य अडचण अशी की मोरोक्को ओटोमन साम्राज्यात कधीच सामील झाला नाही. सादी आणि त्यानंतरच्या अलवी सुलतानांनी आपले स्वातंत्र्य टिकवले. तथापि संपर्क नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. सादी राजपुत्र अब्द अल-मलिक याने अल्जिअर्स व इस्तंबूल येथे दीर्घकाळ आश्रय घेतला होता आणि १५७६ मध्ये ओटोमन फौजेच्या साहाय्यानेच त्याने गादी मिळवली. त्याचा भाऊ व वारस अहमद अल-मन्सूर हाही त्या विजनवासात त्याच्याबरोबर होता. पुढे १८३० मध्ये फ्रेंचांनी अल्जिअर्स घेतल्यावर तेथील काही कुटुंबे उत्तर मोरोक्कोतील तेतुआनला येऊन स्थायिक झाली. तेतुआनच्या मिठायांवरील तुर्की छाप सहसा त्यांच्याकडे बोट दाखवून स्पष्ट केली जाते.

दुसरा पक्ष अंदालुसियाचा. अंदालुसिया म्हणजे मुस्लिम स्पेन. तो आणि मघरिब (उत्तर आफ्रिकेचा पश्चिम भाग) येथील तेराव्या शतकातले दोन पाकग्रंथ आज उपलब्ध आहेत. एकाचा कर्ता अज्ञात आहे. दुसरा स्पेनमधील मुर्सिया शहराच्या इब्न रझीन अत-तुजीबी (१२२७–९३) याचा. दोहोंत कुटलेल्या मांसाचे मसालेदार गोळे वारंवार येतात. तेथे त्यांना ‘बनादिक’ म्हटले आहे. बुंदुक म्हणजे हेझलनट. गोळ्यांच्या आकारावरून हे नाव पडले. स्पॅनिशमधील ‘अल्बोंदिगा’ हा गोळ्यांसाठीचा शब्द याच अरबी शब्दापासून आला. म्हणजे ज्या भूमीतून अरबी सत्ता गेली तेथे जुने नाव टिकले, आणि मोरोक्कोत मात्र नवे नाव रूढ झाले. १४९२ मध्ये ग्रानादा पडल्यावर, आणि पुन्हा १६०९ ते १६१४ या काळातील मोरिस्कोंच्या (ख्रिस्ती केल्या गेलेल्या मुस्लिमांच्या) हकालपट्टीनंतर, स्पेनमधून बाहेर पडलेले लोक फेस, तेतुआन, रबात व साले या शहरांत वसले. त्यांची पाककला या शहरांच्या अभिजात स्वयंपाकात मिसळली, हे सर्वमान्य आहे.

या दोन ग्रंथांमधील एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. रस्सा शिजत आल्यावर त्यावर अंडी ओतून, भांडे निखाऱ्यांवर ठेवून, वरचा थर आळून येऊ देण्याची रीत त्यांत पुन:पुन्हा सांगितली आहे. आजच्या केफ्त्यावर शेवटी अंडी फोडण्याची पद्धत हा तिचाच अवशेष असावा. थेट पुरावा नसला तरी क्रम, आच आणि हेतू तिन्ही जुळतात.

तिसरे मत मध्यममार्गी आहे. पदार्थ जुनाच, केवळ नाव पूर्वेकडून, हज यात्रेच्या व कैरोतील विद्याभ्यासाच्या वाटेने आले. मघरिबी यात्रेकरूंचा तांडा कैरोवरून जात असे आणि तेथील अल-अझहर या विद्यापीठात मघरिबी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र निवासविभाग होता. खुद्द बगदादमध्येही दहाव्या शतकातील अल-वर्राक किंवा १२२६ मधील अल-बगदादी यांच्या पाकग्रंथांत खिम्याचे गोळे आहेत, परंतु त्यांना प्रायः अरबी नावे आहेत. तेव्हा पदार्थाचा प्रसार फार्सी शब्दाच्या प्रसारापेक्षा आधीचा ठरतो. उपलब्ध साधनांच्या आधारे हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ओटोमन पक्षाला नाव समजावता येते, अंडी समजावता येत नाहीत.

काहीही असले तरी आजच्या रूपातील पदार्थ मध्ययुगीन नाही. त्याला लाल रंग देणारे दोन्ही घटक, टोमॅटो आणि गोड्या मिरचीची पूड, अमेरिका खंडातले आहेत. युरोपात टोमॅटोचा पहिला ज्ञात उल्लेख इटालियन वैद्य मात्तिओली याने १५४४ मध्ये केला. मोरोक्कोच्या भाजीबाजारात तो सर्रास मिळू लागला तो त्यानंतर बऱ्याच काळाने. विसाव्या शतकातील फ्रेंच संरक्षित राज्याच्या काळात (१९१२–५६) त्याची व्यापारी लागवड वाढली. केशर, सुंठ, कांदा व लिंबाचा रस यांत शिजवलेला, टोमॅटोविरहित केफ्ता आजही काही घरांत करतात. तो जुन्या रूपाच्या अधिक जवळचा असण्याची शक्यता आहे, आणि चवीलाही तो उपेक्षा करण्याजोगा नाही.

मांस व मसाला : गोमांस, कोकराचे मांस किंवा दोहोंचे मिश्रण वापरतात. चरबी पाचव्या हिश्श्याच्या आसपास असावी. त्याहून कमी असल्यास गोळे कोरडे व रबरट होतात. मोरोक्कोत खाटकाकडे मांस निवडून दिले की तो कांदा, कोथिंबीर, पार्सली व मसाला घालून ते समोरच यंत्रातून काढून देतो. खेड्यांच्या आठवडी बाजारात हाच खिमा शेजारच्या शेगडीवाल्याकडून भाजून घेऊन तेथेच खाण्याची पद्धत आहे. यंत्र येण्यापूर्वी दोन सुऱ्यांनी मांस चिरत. तशा खिम्याचा कण जाड राहतो आणि गोळा चावताना मांस वेगळे कळते.

जिरे आणि गोड्या मिरचीची पूड हे दोन मसाले जवळजवळ सर्वत्र असतात. आग्नेय मोरोक्कोतील अल्निफ गावचे जिरे त्यांच्या तीव्र वासासाठी देशभर नावाजलेले आहेत. ते न भाजता, वापरण्यापूर्वी कुटतात. आपल्या हाताला भाजलेल्या जिऱ्याची सवय असते, पण येथे ते घातल्यास चव निराळीच होते. काळी मिरी, सुंठ व दालचिनी यांचे प्रमाण घरोघरी बदलते. दालचिनीबद्दल तर एकवाक्यता अजिबात नाही. काहींच्या मते तिच्याविना केफ्ता अपुरा, तर काही घरांत ती घालतच नाहीत. ‘रास अल-हानूत’ हा मिश्र मसाला परदेशी पाककृतींत हमखास सांगितला जातो. मोरोक्कोत मात्र रोजच्या केफ्त्यात तो अपरिहार्य मानत नाहीत. कोथिंबीर व पार्सली समप्रमाणात, अगदी बारीक चिरून, खिम्यातही घालतात आणि रसातही. काही ठिकाणी पुदिन्याची पाने पडतात. लसणाची जागा बहुधा रसात असते, खिम्यात नव्हे.

मळणे : सर्वसाधारण प्रमाण अर्धा किलो खिम्याला एक मध्यम कांदा, चिरलेल्या दोन्ही पाल्यांचे दोन ते तीन मोठे चमचे, मिरचीपूड दोन लहान चमचे, जिरेपूड एक, मीठ एक आणि दालचिनी व मिरी चिमूट-दोन चिमूट. कांदा किसून घ्यायचा आणि मुठीत घट्ट पिळून त्याचे पाणी काढून टाकायचे. हे पाणी राहिले की गोळा रसात पडताच फुटतो.

पारंपरिक कृतीत अंडे, पाव किंवा डाळीचे पीठ असे जोड देणारे काहीही नसते. गोळे तरीही का टिकतात, याचे उत्तर मिठात आणि मळण्यात आहे. मिठामुळे स्नायूंच्या तंतूंतील मायोसिन हे प्रथिन विरघळून बाहेर येते. मळताना ते कणाकणांत पसरते आणि उष्णता लागताच गोठून कणांना बांधून ठेवते. म्हणून मीठ आधीच घालून, खिमा थंड असतानाच, तो हाताला चिकटू लागेपर्यंत तीन-चार मिनिटे मळावा. त्यापुढे मळत राहिल्यास उलट परिणाम होतो, गोळे घट्ट व लवचिक होतात. हाताच्या उबेने चरबी वितळू लागली तर मिश्रण तेलकट दिसते आणि नीट बांधले जात नाही. तसे झाल्यास ते अर्धा तास शीतकपाटात ठेवावे.

गोळे लहान असतात, सुपारीएवढे. ओल्या तळव्यांमध्ये हलके फिरवून वळतात. पहिल्या फेऱ्यांत पृष्ठभागावर चिरा दिसतात, पुढे त्या बुजून गोळा गुळगुळीत होतो. वजन सुमारे पंधरा ग्रॅम ठेवल्यास अर्धा किलो खिम्याचे पस्तीसच्या आसपास गोळे होतात.

रस व शिजवणे : पाऊण ते एक किलो पिकलेले टोमॅटो आडवे कापून बिया काढतात आणि कापलेली बाजू किसणीवर ठेवून किसतात. गर खाली पडतो, साल तळव्यात चपटी होऊन उरते. उकळत्या पाण्यात टाकून सोलण्यापेक्षा ही रीत सोपी आहे. पसरट भांड्यात ऑलिव्ह तेल (अर्धी वाटी, कमी नव्हे), तीन-चार लसूणपाकळ्या ठेचून, जिरे, मिरचीपूड, मीठ व दोन्ही पाले यांसह हा गर झाकून शिजवतात. कच्चा वास जाऊन कडेला तेल सुटू लागले म्हणजे रस तयार. घाई येथेच नडते. पातळ रसात टाकलेले गोळे उकडल्यासारखे लागतात.

गोळे कच्चेच रसात सोडतात, आधी तळत किंवा परतत नाहीत. युरोपीय पाककृतींत ते तेलात तांबूस करून घेण्यास सांगतात. तसे केल्याने भाजलेल्या मांसाची चव येते खरी, परंतु पृष्ठभाग कडक होतो आणि मांसाचा रस टोमॅटोत उतरत नाही. मोरोक्कोच्या पद्धतीत तो उतरणे हेच मुख्य. गोळे एका थरात लावून, पहिली पाच मिनिटे चमचा न लावता भांडेच हलवावे. पंधरा ते वीस मिनिटांत ते शिजतात. खिम्याच्या गाभ्याचे तापमान ७१ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचणे सुरक्षित मानले जाते.

शेवटी रसात चमच्याने खळगे करून त्यांत अंडी फोडतात, वर जिरेपूड व मीठ भुरभुरवतात आणि झाकण ठेवतात. पाच ते सात मिनिटांत पांढरे कडेकडून आत आळत जाते आणि पिवळ्या बलकावर पातळ सायीसारखा पडदा येतो. त्याच क्षणी उतरावे. मातीच्या भांड्यात साठलेली उष्णता पुढचे काम करते. आचेवरच बलक घट्ट होऊ दिला, तर जेवायला बसेपर्यंत तो कोरडा झालेला असतो. पदार्थ त्याच भांड्यातून, खोब्झ या जाड गोल रोटीच्या तुकड्याने खातात.

भांडे : ताजीन हे शंकूच्या आकाराचे झाकण असलेले मातीचे भांडे. साफी, साले व फेस येथील कुंभारकाम प्रसिद्ध आहे. माती उष्णता सावकाश वाहून नेते, त्यामुळे मंद निखाऱ्यांवर रस तळाला लागत नाही. वाफ झाकणावर थंड होऊन परत खाली पडते, हा त्याचा गुण तासन्‌तास शिजणाऱ्या मोठ्या तुकड्यांच्या मांसासाठी महत्त्वाचा. केफ्ता तासाभराच्या आत होतो, म्हणून घट्ट झाकणाच्या जाड पसरट पातेल्यात तो तितकाच चांगला होतो. गॅसवर ताजीन ठेवायचे तर खाली धातूची जाळी हवी, अन्यथा थेट ज्योतीने तडा जातो. कोरे भांडे प्रथम पाण्यात बुडवून, तेल लावून, हळूहळू तापवून सरावाला आणतात. चकाकी दिलेल्या काही पारंपरिक भांड्यांच्या लेपात शिसे असते आणि टोमॅटोसारखा आंबट पदार्थ ते ओढून घेतो. शोभेसाठी विकली जाणारी रंगीत ताजिने म्हणून स्वयंपाकासाठी वापरू नयेत.

इतर प्रकार : अटलांटिक किनाऱ्यावर, विशेषतः साफी व एसाविरा भागांत, सार्डिन माशाचे काटे काढून त्याचा केफ्ता करतात. त्यात लसूण अधिक असतो, कधी मूठभर तांदूळ घालतात आणि अंडी बहुधा टाळतात. खारवलेले लिंबू व ऑलिव्ह घातलेला प्रकारही आढळतो. मोरोक्कन ज्यू घरांत गोळे सेलरी किंवा मटार यांच्याबरोबर शिजवतात. धार्मिक नियमानुसार मांसाबरोबर लोणी चालत नसल्याने त्यांच्या रसात तेलच असते. मुस्लिम घरांत मात्र मुरवलेले लोणी (स्मेन) कधी कधी पडते. अल्जिरियातील भरपूर लसणाचा ‘म्तव्वम’ हा याचा जवळचा नातेवाईक.

भारतीय स्वयंपाकघरात : महाराष्ट्रात मटण म्हणजे बहुधा बोकडाचे. त्याचा खिमा कोकराच्या खिम्यापेक्षा कमी चरबीचा असतो, म्हणून खाटकाला सांगून थोडी चरबी त्यातच काढून घ्यावी. पार्सली न मिळाल्यास सगळी कोथिंबीर घालण्याऐवजी कोथिंबिरीचे प्रमाण थोडेच वाढवावे, नाहीतर पदार्थ आपल्या नेहमीच्या खिम्याच्या वळणावर जातो. गोड्या मिरचीच्या पुडीच्या जागी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची रंग देते, पण तिखटपणाही आणते. तेव्हा प्रमाण निम्मे करावे. आले-लसणाचे वाटण, हळद आणि गरम मसाला यांना या पदार्थात स्थान नाही. खोब्झऐवजी गोव्याकडचा पोई हा कोंड्याचा पाव रस टिपायला चांगला. उरलेले गोळे अंडी घालण्यापूर्वीच बाजूला काढून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर गरम करून मग त्यावर ताजी अंडी फोडता येतात.