सटवाई

नवजात बाळाच्या कपाळी त्याचे भवितव्य लिहिणारी मराठी लोकदेवता. सटवी, सटी या नावांनीही ती ओळखली जाते. संस्कृत ग्रंथांतील षष्ठी देवीशी तिचे नाते जोडतात. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तही सूतिकागृहाच्या वर्णनात षष्ठी आहे.

जन्मानंतर पाचव्या दिवशी पाचवी आणि सहाव्या दिवशी सटी पूजतात. काही घरांत यांपैकी एकच. पाटा-वरवंटा मांडून हळदकुंकू वाहतात. जवळ कोरा कागद, लेखणी आणि विळा किंवा सुरी ठेवतात. दिवा विझू द्यायचा नाही आणि बाळंतिणीपाशी कोणीतरी जागे राहायचे, हा दंडक. बोरू-दौत जाऊन बॉलपेन आले, कागद मात्र कोराच लागतो. सकाळी त्यावर काही उमटलेले नसते. तशी कोणाची अपेक्षाही नसते. पुढे बाळ झोपेत हसले की सटवाई हसवते म्हणतात.

अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग बडोद्यास आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर ही पूजाही गुजरातेत गेली. तिथे ती उपरी ठरली नाही. गुजराती घरांतही छठीच्या रात्री कागद-लेखणी मांडतात. लिहायला येते ती विधाता. दांडिया बाजार-रावपुऱ्यातली मराठी आजी ‘सटवीचा लेख’ म्हणाली आणि शेजारीण ‘छठीना लेख’ म्हणाली, तरी दोघी बोलतात एकाच रात्रीबद्दल.

नेमक्या याच रात्री पहारा का, याचे एक कारण बाळंतिणीच्या खोलीतच असावे. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यास होणाऱ्या धनुर्वाताची लक्षणे जन्मानंतर साधारण 3 ते 14 दिवसांत दिसतात. लेकरू दूध ओढेनासे होई, आकडी येई, आणि सारे खापर सटवीवर फुटे. तिच्याविषयीच्या भक्तीत धाक मिसळलेला आहे तो यामुळेच; भांडणात बाईला ‘सटवी’ म्हणतात ते काही पूज्यभावाने नव्हे. माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे 2015 मध्ये जाहीर झाले. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण.

जन्मापाशी येऊन आयुष्य ठरवणाऱ्या स्त्रिया इतरत्रही आहेत. इजिप्तमध्ये सात हाथोर बाळाचे मरण कसे येणार ते सांगतात. ग्रीक मोइरा तिघी: क्लोथो सूत कातते, लाखेसिस वाटा ठरवते, अत्रोपोस धागा तोडते. ग्रीक कथेतला वीर मेलिएग्रॉस सात दिवसांचा असताना त्या येतात आणि चुलीतले लाकूड जळून संपेल तेव्हा हा मरेल, असे सांगून जातात. आई ते लाकूड विझवून पेटीत लपवते. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, पुराणात उर्द, वेर्दांदी, स्कुल्द या नॉर्न आहेत. महाभारताच्या आदिपर्वात नागलोकात गेलेल्या उत्तंकाला काळ्या-पांढऱ्या धाग्यांचे वस्त्र विणणाऱ्या दोन स्त्रिया दिसतात. त्या धाता आणि विधाता, धागे म्हणजे रात्र आणि दिवस.

सटवाई मात्र लिहिते, आणि तिचे लिहिणे कारकुनी आहे. मेसोपोटेमियाच्या कथेत दैवाची पाटी ज्याच्या हाती त्याची सत्ता, म्हणून अंझू पक्षी ती पळवतो. सटवाईला लेखणीने असा काही अधिकार मिळत नाही. युद्धात आपल्या मुलाला, सार्पेडोनला, वाचवावे असे ग्रीकांचा देवराज झ्यूस याच्या मनात येऊनही तो वाचवत नाही. सटवाईला तर पोटच्या लेकीचा लेखही बदलता येत नाही. ही कथा इरावती कर्वे यांनी 1950 मध्ये मराठीतील ईडिपसकथा (ग्रीक ईडिपस नकळत स्वतःच्या आईशी लग्न करतो) म्हणून अभ्यासकांपुढे मांडली. आई रोज रात्री कुठे जाते, असे लेक विचारते. मग माझ्या कपाळी काय लिहिलेस, असेही विचारते. पोटच्या मुलाशी लग्न, असे उत्तर मिळते. पुरुषाचे तोंडच पाहायचे नाही म्हणून ती रानात जाऊन राहते. तरी दिवस जातात. झालेला मुलगा ती आपल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टाकून देते. तो दुसऱ्या घरी वाढतो आणि कालांतराने तिचाच नवरा होतो. ग्रीक कथेत सत्य कळल्यावर राणी गळफास घेते आणि ईडिपस डोळे फोडून घेतो. सटवाईची लेक सासरी तो लुगड्याचा तुकडा ओळखते, कोणाला काही सांगत नाही आणि संसार करत राहते.