दमसास छातीत किती, ओठांत किती?

विसर्जनाच्या मिरवणुकीत गिरगावातून जाणारा ट्रम्पेटवाला आणि त्याच्यामागचा, अंगाभोवती वेटोळं घातलेलं मोठं पितळी वाद्य वाजवणारा सुझाफोनवाला सारखेच घामाघूम दिसतात. दम मात्र दोघांचा वेगवेगळ्या कारणांनी जातो.

छाती भरून घेतलेला श्वास पूर्ण सोडला, की निरोगी प्रौढाच्या फुप्फुसातून साधारण ३ ते ५ लिटर हवा निघते. आणखी लिटरभर आतच राहते, ती कितीही जोर लावला तरी निघत नाही. निघणाऱ्या हवेचा आकडा मुख्यतः उंची, वय आणि लिंगावर ठरतो. रियाजाने फारसा हलत नाही. शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदात १९४४ ते १९८८ ट्यूबा (सुझाफोनच्याच कुळातलं खर्जाचं वाद्य) वाजवणारे आर्नल्ड जेकब्ज यांची फुप्फुसाची क्षमता आजारपणामुळे बरीच कमी होती, आणि वाद्य निवडलेलं सर्वांत हवाखाऊ!

सुझाफोनवर खर्जातला स्वर जोरात धरला, तर सेकंदाला लिटरभर हवा सहज जाते. म्हणजे चार-पाच सेकंदांत खेळ खलास. एवढी हवा सारखी आत-बाहेर केली, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि डोकं हलकं होतं. ट्रम्पेटच्या वरच्या पट्टीत उलटं होतं: ओठांतली फट बारीक, हवा थोडी, दाब प्रचंड. छातीतल्या त्या दाबामुळे हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी आणखी हवा भरून उपयोग नाही. उरलेली शिळी हवा आधी सोडा, मग ताजी घ्या.

छाती काठोकाठ भरलेली असते तेव्हा बरगड्या आणि फुप्फुसं आपणच आत ओढली जातात, हवा जवळजवळ फुकट मिळते. शेवटच्या भागात तीच हवा पोटाच्या स्नायूंनी पिळून काढावी लागते. स्वर हलतो तो इथेच. म्हणून टाकी रिकामी होण्याची वाट न पाहता ओळ संपताच श्वास घ्यावा. तोंडाच्या कोपऱ्यांतून, घसा मोकळा ठेवून. खांदे उचलून हवा वाढत नाही, मान तेवढी आखडते.

दम किती सेकंद पुरतो ते मोजायचं असेल तर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर, म्हणजे सेकंदाला एक ठोका, असा ठेवा आणि मधल्या पट्टीतला एक स्वर हळू आवाजात धरा. स्वरासोबत फुस्स ऐकू आलं, तर ओठांची फट गरजेपेक्षा मोठी आहे.

फुस्स नाही, तरीही हवा पुरत नाही? मग छातीला बोल लावण्याआधी वाद्य तपासा. पिस्टन (बोटाने दाबायची कळ) न दाबता त्याची स्लाइड (सरकणारी नळी) ओढून काढा, दोन-तीन सेकंद थांबा, मग पिस्टन दाबा. 'पॉक' असा आवाज आला तर ठीक. नाही आला, तर स्लाइडला ग्रीस आणि पिस्टनला तेल देऊन पुन्हा बघा. तरीही गप्पच, तर पिस्टन झिजलाय. पाणी काढायच्या चावीखालचं बूचही बघा. ते सुकून चिरलं की हवा तिथूनच निसटते, आणि बदलायला खर्च किरकोळ.