वैद्यकीय प्रवेशविस्तार, पुणे

वैद्यकीय प्रवेशविस्तार : महापालिका, जिल्हा परिषद, आश्रमशाळा व ग्रामीण अनुदानित शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांना एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात प्रवेश मिळावा, यासाठी केलेल्या कायदेशीर, आर्थिक व शैक्षणिक योजनांना उद्देशून ही संज्ञा येथे वापरली आहे. आरक्षण ही त्यातील सर्वांत परिचित योजना, पण एकमेव नव्हे. आरक्षण विद्यार्थ्याची जात, जमात, प्रवर्ग वा कुटुंबाचे उत्पन्न पाहते. त्याची शाळा कोणती होती, हे पाहत नाही. या नोंदीचा रोख शाळेवर आहे.

पूर्वपीठिका : पुण्यातील वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळेपासून धरतात. तिचे स्थापनावर्ष सामान्यतः १८७८ दिले जाते. क्वचित १८७१ असेही आढळते. अहमदाबादेत रुग्णालय साहाय्यकांचे शिक्षण १८७१ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्या शाळेलाही याच दात्याचे नाव मिळाले. दोन शाळांच्या तारखा एकमेकींत मिसळल्या असाव्यात, असे मानण्यास जागा आहे. म्हणून येथे १८७८ हेच वर्ष ग्राह्य धरले आहे. शाळेशी जोडलेले ससून रुग्णालय त्याआधीचे, १८६७ चे.

या वादापेक्षा शाळेची भाषा व पातळी अधिक महत्त्वाची. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग निघाले होते. पुणे व अहमदाबाद येथील शाळा हा त्याच वर्गांचा पुढचा टप्पा मानला जातो. पुण्यात सुरुवातीचे अध्यापन मराठीतून होई, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्रजीने मराठीची जागा नेमकी केव्हा घेतली याविषयी एकवाक्यता नाही. हा बदल एका वर्षात न होता हळूहळू झाला असावा. मुंबईत १९१२ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाल्यावर अशा शाळांतील विद्यार्थी त्या संस्थेची एल.सी.पी.एस. ही अनुज्ञाप्ती (वैद्यकीय व्यवसायाचा परवाना) घेऊ लागले. एम.बी.बी.एस.ला इंटर सायन्स लागे, तर वैद्यकीय शाळेत मॅट्रिकनंतर जाता येई. अभ्यासक्रमही लहान व कमी खर्चाचा होता. तालुक्याच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झालेल्या मुलाला कॉलेजची दोन वर्षे न परवडताही डॉक्टर होता येई, ते या वाटेने. पुढे गावोगाव दवाखाने काढलेल्या ‘एल.सी.पी.एस. डॉक्टरां’ची एक पिढीच होऊन गेली.

देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात अशी अनुज्ञाप्ती बंद करून देशभर एकाच पातळीचा डॉक्टर घडवावा, अशी शिफारस केली. समितीतील काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले होते : ग्रामीण भागाला डॉक्टरांची तातडीने गरज आहे, तेव्हा लहान अभ्यासक्रम इतक्यात बंद करू नये, असा त्याचा आशय. हे मत मागे पडले. त्याच वर्षी पुण्याच्या शाळेचे महाविद्यालय (बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय) झाले. दर्जा उंचावला, हे बहुतेक इतिहासकार मान्य करतात. मात्र मॅट्रिकवाल्यांची वाट बंद झाली, याची नोंद संस्थेतिहासांत क्वचितच सापडते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे.

विद्यार्थी-साहाय्याची परंपरा : गरीब विद्यार्थ्याने पुण्यात वार लावून किंवा माधुकरी मागून शिकावे, ही जुनी रीत; तिचा लाभ मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरता होता. संस्थात्मक मदतीत अनाथ विद्यार्थी गृह (१९०९, पुढे पुणे विद्यार्थी गृह) आणि विद्यार्थी साहाय्यक समिती (१९५५) यांची नावे घेतली जातात. दुसरीची वसतिगृहे ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असून तेथे कमवा व शिका ही पद्धत रुळली. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने (१९०९) स्त्रियांसाठी ससूनशी जोडलेले परिचारिका-शिक्षण सुरू केले.

प्रवेशपद्धतीतील बदल : १९९९ पूर्वी राज्यात बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत; त्या वर्षापासून राज्याची सामायिक परीक्षा (सीईटी) आली. राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा (नीट) ५ मे २०१३ रोजी प्रथम झाली, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि एप्रिल २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेतला. त्या वर्षी अध्यादेशाच्या आधारे राज्याच्या जागा सीईटीनेच भरल्या गेल्या. २०१७ पासून नीट हा एकच निकष उरला. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. परंतु अकरावी-बारावी विज्ञान शाखा व्यवहारात इंग्रजीतूनच शिकवली जाते; त्यामुळे दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थीही बहुधा इंग्रजी प्रश्नपत्रिका घेतो. ‘प्रकाशसंश्लेषण’ पाठ असलेल्या मुलाला अकरावीत ‘फोटोसिंथेसिस’ नव्याने शिकावे लागते, हा अनुभव शिक्षक वारंवार सांगतात.

राज्यात प्रदीर्घ काळ ७०:३० हे प्रादेशिक सूत्र होते. ७० टक्के जागा त्या त्या विभागातील (विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र) विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के राज्यभरासाठी. पुणे ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मोडे. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी असल्याने तेथील विद्यार्थ्यांची तक्रार जुनी होती. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. समर्थक याला गुणवत्तेचा न्याय म्हणतात. टीकाकारांच्या मते याचा लाभ खेड्यातील शाळांपेक्षा लातूरसारख्या शिकवणीच्या केंद्रांना अधिक झाला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. दुसऱ्याची चर्चा कमी झाली, एवढेच.

शाळानिहाय राखीव जागा : तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून शासकीय शाळांतून शिकून नीट उत्तीर्ण झालेल्यांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या. न्या. कलैयरसन आयोगाची शिफारस १० टक्क्यांची होती. मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हा कायदा वैध ठरवला. त्याच राज्याच्या ए. के. राजन समितीने (२०२१) नीटनंतर तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्यांचा वाटा घटला आणि पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचा (रिपीटर) वाढला, असा निष्कर्ष काढला. महाराष्ट्रात या धर्तीचा शाळानिहाय कोटा नाही. येथे तो आणावयाचा झाल्यास ‘शासकीय शाळा’ म्हणजे काय हा पहिला पेच पडेल; कारण राज्यातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भाग खाजगी अनुदानित संस्थांकडे आहे, आणि पुण्यातील नामांकित शाळाही त्यात येतात.

पुण्यातील जागांचे स्वरूप : शहरात व लगत वैद्यकीय महाविद्यालये बरीच असली, तरी त्यांतील कमी शुल्काच्या जागा मोजक्या. बी. जे. शासकीय महाविद्यालयाची प्रवेशक्षमता २५० आहे. त्यातील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या. भारती विद्यापीठ (१९८९), डॉ. डी. वाय. पाटील, पिंपरी (१९९६) व सिंबायोसिसचे महिला महाविद्यालय (२०२०) ही अभिमत विद्यापीठांकडे आहेत. त्यांचे प्रवेश केंद्रीय समुपदेशनातून होतात आणि राज्याचे सामाजिक आरक्षण तेथे लागू होत नाही. शुल्क लाखांत असल्याने प्रस्तुत गटाला त्या जागा कागदावरच खुल्या आहेत. काशीबाई नवले महाविद्यालय (२००७) खाजगी आहे. महापालिकेने २०२२ मध्ये स्वतःचे भारतरत्न अटलबिहारी वाजपेयी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. त्याचे प्रवेश राज्याच्या सामायिक प्रक्रियेने होतात.

सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९४८, पदवी शाखा १९६२) हे वेगळे प्रकरण. तेथे शिक्षणाचा खर्च सरकार करते व पदवीनंतर सैन्यसेवा बंधनकारक असते. गरीब घरातील हुशार मुलासाठी ही उत्तम संधी. मात्र नीटनंतर तेथे इंग्रजी भाषा, आकलन व तर्क यांची स्वतंत्र चाचणी आणि मुलाखत होते. मराठी शाळेतून आलेल्यांची अडचण तेथेच होते.

पूर्वतयारीचे उपक्रम : नीटची तयारी अकरावीपासून खाजगी शिकवणीत होते. अनेक विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरते दाखल होऊन दिवसभर क्लासमध्ये बसतात (‘इंटिग्रेटेड’ वा ‘टाय-अप’). शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. ज्याला क्लास परवडत नाही, तो रिकाम्या वर्गात उरतो. शासकीय बाजूने महाज्योती (नागपूर) इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण व टॅब देते. बी. जे. च्या विद्यार्थ्यांनी २०१५ च्या सुमारास सुरू केलेला ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा मोफत शिकवणीचा उपक्रम विशेष उल्लेखनीय आहे : भावी डॉक्टरच आपल्यामागून येणाऱ्यांना शिकवतात. पुढे तो मेळघाट व भामरागडच्या आदिवासी विद्यार्थ्यांपर्यंत गेला. आदिवासी विकास विभागाच्या घोडेगाव प्रकल्पाखालील जुन्नर-आंबेगाव भागातील आश्रमशाळांविषयी त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले आहे.

कागदपत्रे : जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास व उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे प्रवेशफेरीच्या वेळी हाती नसल्यास गुण असूनही जागा जाऊ शकते. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजला जात असेल, तर ही बाब बहुधा फार उशिरा कळते.

प्रवेशानंतर : २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात आरंभी पायाभूत वर्ग असून त्यात इंग्रजी, संगणक व स्थानिक भाषा यांचा समावेश आहे. ससूनच्या वॉर्डात रुग्णाचा पूर्वेतिहास मराठीतच विचारावा लागतो. त्यासाठी परप्रांतीय विद्यार्थ्यांना मराठी शिकवली जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्याला त्या तासाची गरज पडत नाही.