तारेखालच्या जमिनीचा मोबदला: मुंबईच्या वीजमार्गांची पार्श्वभूमी

1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे भिवपुरी आणि भिरा इथूनही घाट उतरून तारा आल्या. तेव्हाच्या आखणीत अडचण होती ती डोंगर, खाडी आणि खाजणाची.

आखणीची रीत आजही तीच. दोन उपकेंद्रांमध्ये सरळ रेषा ओढायची आणि ती कुठे मोडावी लागेल ते हुडकायचं. प्रत्येक मोड महाग पडतो. 2 अंशांपर्यंतच्या वळणाला तार नुसती टांगून धरणारा मनोरा पुरतो. त्यापुढे 15, 30, 60 अंशांसाठी ताण पेलणारे मनोरे लागतात, पोलाद जास्त, पाया मोठा. म्हणून एक घर चुकवायचं तर दोन-तीन महागडे मनोरे वाढतात, आणि रेषा शेजाऱ्याच्या प्लॉटवर सरकते ती वेगळीच. मग पायी पाहणी, जमिनीचा उंचसखल छेद आणि तारेच्या झोळाचा हिशेब: 400 केव्हीची (म्हणजे चार लाख व्होल्टची) तार पूर्ण तापून खाली आली तरी जमिनीपासून 8.84 मीटर वर राहिली पाहिजे. पाहणी आणि पायाखोदाई यांच्यात वर्षं गेली की त्याच पट्ट्यात चाळी उभ्या राहतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

खरा तिढा मोबदल्याचा आहे. 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 164 वीजवाहिनी उभारणाऱ्याला 1885 च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. त्यात जमीन संपादित होत नाही. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच राहतं, कंपनीला मिळतो फक्त वापराचा हक्क. मालकाची आगाऊ संमती लागत नाही. त्याने काम अडवलं तर जिल्हादंडाधिकारी आदेश देतात, रकमेचा वाद जिल्हा न्यायालयात जातो. पीक आणि झाडांचे पंचनामे पाया, उभारणी आणि तारओढणी अशा तीन टप्प्यांवर होतात. जमिनीची किंमत उतरते तिचं काय, हे मात्र बरीच वर्षं लोंबकळत राहिलं.

आकडे पाहिले की शेतकऱ्यांचा राग कळतो. 400 केव्हीच्या मनोऱ्याचा पाया एक-दोन गुंठ्यांत मावतो, पण तारांखालचा 46 मीटर रुंदीचा पट्टा किलोमीटरमागे साडेचार हेक्टरांहून जास्त जमीन अडवतो. त्यात भातशेती चालते. घर बांधता येत नाही, उंच झाड लावता येत नाही. ठाणे-रायगडात, जिथे शेत उद्याचा बिनशेती प्लॉट असतो, तिथे नुकसान याच पट्ट्यात होतं. केंद्राच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत पायाला जमीनमूल्याच्या 85 टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त 15 टक्के होते. 2024 मध्ये ते 200 आणि 30 झाले. पायाला दुपटीहून जास्त वाढ, आणि खरी झळ बसते त्या पट्ट्याला तेव्हाही तिसरा हिस्सा मिळाला नाही.

12 ऑक्टोबर 2020 ला पडघे-कळवा वाहिन्या बंद पडून मुंबई अंधारात गेली, तेव्हा रखडलेल्या मार्गांची आठवण सर्वांना झाली. खारघर-विक्रोळी 400 केव्ही वाहिनी 2023 मध्ये सुरू झाली. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते, त्यामुळे खाडीतला एकेक मनोरा वेळ खातो. शहरात केबल जमिनीखालून न्यावी, तर ती ड्रमवर मावेल तेवढ्याच तुकड्यांत येते. दर जोडाला खड्डा, आणि पावसाळ्यात रस्ता खोदायला सहसा बंदी.

कुडूस ते आरे या सुमारे 80 किलोमीटरच्या, 1000 मेगावॅट क्षमतेच्या मार्गाचा मोठा भाग जमिनीखालून आखला आहे. उरलेल्या सुमारे 30 किलोमीटरवर मात्र तार मनोऱ्यांवरूनच जाते, आणि तिथे पट्ट्याचा प्रश्न वर सांगितला तोच आहे.