जोडीदाराला सांगायचे कोणी? एचआयव्ही कायद्यातील कलम ९ ची पार्श्वभूमी

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याचे कलम ९ सलग वाचू गेल्यास ते अडखळत पुढे सरकते. रुग्णाला एचआयव्ही असल्याचे त्याच्या जोडीदाराला सांगण्याची मुभा दिली जाते, लगेच तिला अटी जोडल्या जातात, अटींना परंतुक (‘परंतु’ने सुरू होणारी मर्यादा किंवा अपवाद) लागते आणि त्या परंतुकापाठोपाठ आणखी परंतुके येतात. ही रचना मसुदा घाईत झाल्यामुळे आलेली नाही. त्याआधीच्या दोन दशकांत न्यायालयांत आणि रुग्णालयांत जे घडले त्याचे व्रण या कलमावर आहेत, आणि त्यातला सर्वांत खोल व्रण १९९८ च्या एका निकालाचा आहे.

त्यापूर्वीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. जीवितास धोकादायक रोगाचा संसर्ग निष्काळजीपणाने किंवा दुष्ट हेतूने पसरवणे हा गुन्हा दंड संहितेच्या कलम २६९ व २७० मध्ये १८६० पासूनच होता. १८८६ मध्ये उपदंश झालेल्या, देहविक्रय करणाऱ्या एका स्त्रीवर कलम २६९ खाली चाललेला खटला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा हे कलम तिला लागू होत नाही आणि तक्रारदाराचे म्हणणे खरे असेल तर आरोप फसवणुकीचा हवा होता, असे न्यायालयाने म्हटले. शतकभराने एचआयव्ही आला आणि शासनाचा पहिला कल माणसाला बाजूला काढण्याकडे होता. गोव्यात १९८९ मध्ये एका तरुणाला सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली दोन महिन्यांहून अधिक काळ सक्तीने एकटे ठेवण्यात आले आणि ती तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने वैध ठरवली. त्याच न्यायालयाने १९९७ मध्ये वेगळी दिशा घेतली. एका सार्वजनिक उपक्रमातील रोजंदारी कामगाराला, तो काम करण्यास सक्षम असताना, केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही असा निकाल दिला आणि त्याला नाव झाकून दाद मागू दिली. नाव उघड होण्याच्या भीतीने कोर्टाची पायरी न चढणाऱ्यांसाठी ही परवानगी निकालाइतकीच मोलाची होती.

पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आला. ईशान्येकडील एक शासकीय डॉक्टर एका रुग्णाला घेऊन तेव्हाच्या मद्रासमधील खासगी रुग्णालयात गेला होता. त्या रुग्णासाठी रक्त देताना झालेल्या चाचणीत हा डॉक्टरच एचआयव्हीबाधित असल्याचे निघाले, ही माहिती बाहेर गेली, डिसेंबर १९९५ मध्ये ठरलेले त्याचे लग्न मोडले आणि समाजाने तोंड फिरवल्यामुळे त्याला आपले राज्य सोडावे लागले. रुग्णालयाने गुप्ततेचा भंग केला म्हणून भरपाई मिळावी, एवढीच त्याची मागणी होती. २१ सप्टेंबर १९९८ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ती फेटाळली. बाधिताचा खासगीपणाचा अधिकार आणि नियोजित वधूचा निरोगी जगण्याचा अधिकार समोरासमोर आले तर वधूचा अधिकार वरचढ ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. तेवढ्यावर थांबले असते तर वाद मर्यादित राहिला असता, कारण जिला खरोखर धोका आहे तिला अंधारात ठेवू नये, हे कोणालाही पटण्यासारखे आहे.

परंतु न्यायालय कोणी न विचारलेल्या प्रश्नाकडे वळले. गुप्तरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या विवाह कायद्यांचा आणि कलम २६९-२७० चा आधार घेऊन, रोग बरा होईपर्यंत अशा व्यक्तीचा विवाहाचा अधिकार निलंबित राहतो, असे मत निकालपत्रात नोंदवले गेले. ज्या आजारावर तेव्हा बरे होण्याचा उपाय नव्हता आणि आजही नाही, त्याच्या बाबतीत निलंबनाचा अर्थ कायमची बंदी एवढाच होतो. दोघांनाही लागण असेल, किंवा दुसऱ्या व्यक्तीने सगळे माहीत असून होकार दिला असेल, तरी काय, याचा विचार तिथे नव्हता. या निकालाने डॉक्टरांना काय करावे हे नीट सांगितले नाही, बाधितांना मात्र ते कोणत्या गोष्टीला मुकले हे ठणकावून सांगितले, असे माझे मत आहे. कोणी सांगायचे, कोणत्या टप्प्यावर, आधी रुग्णाला संधी द्यायची की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही.

१० डिसेंबर २००२ रोजी, त्याच प्रकरणातील पुढच्या अर्जावर, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विवाहासंबंधीची निरीक्षणे अनावश्यक होती असे जाहीर केले. नियोजित वधूला कळवण्यासंबंधीचा भाग कायम राहिला. त्याच वर्षीच्या वैद्यकीय आचारसंहितेनेही विशिष्ट व्यक्तीला गंभीर आणि निश्चित धोका असल्यास गुप्तता सोडण्याची मुभा डॉक्टरांना दिली, पण पद्धत तिथेही सांगितली गेली नाही.

ती पद्धत कायद्याच्या मसुद्यात आली. वकिलांच्या एका संस्थेने बाधितांशी आणि आरोग्यक्षेत्रातील लोकांशी चर्चा करून २००६ च्या सुमारास तो शासनाला सादर केला. राज्यसभेत विधेयक मांडले जायला २०१४ उजाडले आणि मंजुरी २०१७ मध्ये मिळाली. आता केवळ डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतो. जोडीदाराला लक्षणीय धोका आहे, रुग्णाचे समुपदेशन झालेले आहे, तरीही तो सांगणार नाही याची खात्री पटली आहे आणि आपण सांगणार असल्याची कल्पना त्याला दिली आहे, एवढे सगळे झाल्यावर, तेही जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून आणि समुपदेशन करून. बाधित व्यक्ती स्त्री असेल आणि कळवल्यास मारहाण होईल किंवा तिला घराबाहेर काढले जाईल अशी वाजवी भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला सांगायचेच नाही. हे शेवटचे परंतुक मला या कायद्यातले सर्वांत शहाणे वाक्य वाटते, कारण गरोदरपणातील तपासणीमुळे कित्येक घरांत बाईचेच निदान आधी होते आणि आजार तिनेच घरात आणला असा ठपकाही तिच्यावरच येतो.

मात्र या कायद्यातील जोडीदार म्हणजे पती, पत्नी किंवा विवाहसदृश संबंधातील व्यक्ती. ज्या नियोजित वधूच्या हक्कासाठी १९९८ चा निकाल दिला गेला, ती या व्याख्येत बसवणे कठीण आहे. प्रियकर, प्रेयसी, एकाच सुईने नशा घेणारा सोबती, यांचीही तीच गत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद ६ सप्टेंबर २०१८ रोजी निष्प्रभ झाली आणि हा कायदा चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला अमलात आला. तरीही दोन पुरुषांचे नाते विवाहसदृश मानायचे की नाही, हे कलमाच्या शब्दांवरून ठरत नाही.

मुंबईत आणखी एक अडचण आहे. २००४ मध्ये मोफत औषधोपचार सुरू झाला तो देशातील मोजक्या रुग्णालयांत, आणि त्यांत जे. जे. रुग्णालय होते, आज शहरात अनेक एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रे आहेत. समुपदेशक बायकोच्या तपासणीबद्दल विचारतो आणि समोरचा म्हणतो, “ती गावाला असते, गणपतीत गेलो की सांगतो.” गणपती होतात, दिवाळी होते, कार्डावर पुढची तारीख पडते. फोन करून सांगणे प्रत्यक्ष भेटीच्या अटीत बसत नाही आणि जोडीदाराचा शोध घेण्याचे बंधन कायद्याने समुपदेशकावर ठेवलेले नाही. सांगितले किंवा न सांगितले, तरी त्याच्यावर कारवाई होऊ शकत नाही. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या किंवा साताऱ्यातल्या त्या बाईला कळणे न कळणे बहुधा नवऱ्याच्या मनावरच राहते.

दरम्यान वैद्यकशास्त्र पुढे गेले. नियमित गोळ्यांमुळे रक्तातील विषाणूभार मोजता न येण्याइतका खाली राहिला तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता सर्वमान्य आहे. मग अशा रुग्णाच्या बाबतीत लक्षणीय धोक्याची अट पूर्ण होते का? झाली नाही, तर कलम ९ खाली सांगण्याचा अधिकारच उरत नाही. दुसरीकडे १८६० ची ती दोन कलमे १ जुलै २०२४ पासून, दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत २७१ व २७२ या क्रमांकांनी चालू आहेत आणि त्यांत समुपदेशनाचा, विषाणूभाराचा किंवा घरातल्या मारहाणीचा उल्लेख नाही.