मोठ्या आरव्हीने उन्हाळ्यातील लांबचा प्रवास : आखणीसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी (हिलाच आरव्ही म्हणतात), भाड्याने घेणारी बहुतेक कुटुंबे सर्वप्रथम अमेरिकेचा नकाशा उघडतात, त्यावर यलोस्टोन, ग्लेशियर, झायन, ग्रँड कॅन्यन अशी राष्ट्रीय उद्याने जोडत जातात आणि गाडीचा विचार सर्वांत शेवटी करतात. आमचा आग्रह याच्या नेमका उलट आहे. पस्तीस फुटी गाडीने जाताना प्रवासाचा मार्ग, मुक्कामाची ठिकाणे, दिवसाचे अंतर आणि सामानसुद्धा त्या गाडीची लांबी, उंची, वजन आणि विजेची गरज यांवरून ठरवावे लागते. हा क्रम पाळला की बाकीचे बरेच निर्णय सोपे होतात, म्हणून हे माहितीपत्रक त्याच क्रमाने लिहिले आहे.

गाडीची मापे

आपल्या नावे नोंदवलेल्या गाडीची लांबी, रुंदी आणि उंची आम्ही करारासोबत लिहून देतो. ते आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चालकाला सहज दिसतील अशा ठिकाणी लावावेत. मोठ्या मोटरहोमची रुंदी साधारण साडेआठ फूट असते आणि त्यात बाजूचे आरसे धरलेले नसतात. उंची मोजताना छतावरील एअर कंडिशनर धरावा लागतो, त्यामुळे ती बहुधा १२ ते १३ फुटांच्या दरम्यान भरते. राष्ट्रीय महामार्गांवरील पूल या उंचीला पुरेसे असतात. अडचण येते ती पेट्रोल पंपांची छपरे, हॉटेलांच्या पोर्चचे छज्जे, झाडांच्या फांद्या आणि जुने रस्ते यांची. न्यूयॉर्क परिसरातील जुने पार्कवे मोटारींसाठी बांधलेले आहेत आणि त्यांवरील कित्येक पूल इतके ठेंगणे आहेत, की आरव्ही घेऊन त्या रस्त्यांवर मुळीच जाऊ नये. फोनवरील नेहमीचा नकाशा गाडीची उंची विचारत नाही आणि जवळचा रस्ता म्हणून नेमका असाच रस्ता सुचवू शकतो. यासाठी गाडीची मापे भरता येतात असे ट्रक किंवा आरव्हीसाठीचे नेव्हिगेशन वापरावे आणि त्यानंतरही रस्त्यावरील पाटीवरच अधिक विश्वास ठेवावा.

राष्ट्रीय उद्यानांतील काही प्रसिद्ध रस्ते मोठ्या गाड्यांना बंद आहेत, आणि सर्वांत जास्त निराशा याच बाबतीत होते. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातील ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्यावर अ‍ॅव्हलांच कॅम्पग्राउंड (गाड्या व तंबूंच्या मुक्कामाचे मैदान) ते रायझिंग सन या टप्प्यात बंपरसह २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसह ८ फुटांपेक्षा रुंद गाडी नेता येत नाही. हा रस्ता बर्फ काढून पूर्ण खुला होण्यास बहुधा जूनअखेर किंवा जुलै उजाडतो, हेही मे किंवा जूनमधील सहलीची तारीख ठरवताना लक्षात घ्यावे. झायनमधील माउंट कार्मेल बोगदा १९३० साली पुरा झाला. तो १.१ मैल लांबीचा असून त्याचे छत कमानदार आहे, त्यामुळे उंच गाडीला कडेने न जाता मधोमध जावे लागे आणि त्यासाठी समोरची वाहतूक थांबवावी लागे. मोठ्या गाड्यांना पूर्वी परवाना घेऊन जाता येत असे, परंतु जून २०२६ पासून त्यांना या मार्गाऐवजी वळसा घालून जाण्याचा नियम उद्यानाने जाहीर केला आहे. मर्यादेचे नेमके आकडे आणि वळशाचा मार्ग उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून मगच झायन ते ब्राइस कॅन्यन या दिवसाचे अंतर मोजावे.

अशा ठिकाणी दोन चांगले पर्याय असतात. उद्यानाबाहेर गाडी उभी करून शटल बसने किंवा मार्गदर्शकासह जाणाऱ्या वाहनाने आत जाता येते, किंवा छोटी मोटार मोटरहोमच्या मागे जोडून नेता येते. दोन आठवड्यांपेक्षा मोठ्या प्रवासासाठी आम्हांला दुसरा पर्याय अधिक पसंत आहे, कारण एकदा मुक्काम मांडला की दूध आणायला किंवा सूर्यास्त पाहायला पूर्ण घर हलवावे लागत नाही. मात्र चारही चाके जमिनीवर ठेवून ओढलेल्या मोटारीसह मोटरहोम मागे घेता येत नाही. चुकीच्या गल्लीत शिरल्यास मोटार सोडवूनच वळावे लागते. आमच्या कोणत्या गाड्यांना मोटार जोडण्याची परवानगी आहे, हे नोंदणीच्या वेळी विचारावे.

प्रोपेन वायूची टाकी असलेल्या गाड्यांवर काही बोगद्यांत मर्यादा आहेत. बाल्टिमोरच्या बंदराखालील बोगद्यांचा यात समावेश होतो. पूर्वी अशा गाड्या तेथील फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात, पण तो पूल २६ मार्च २०२४ रोजी कोसळल्यापासून शहराच्या पश्चिमेकडून वळसा घ्यावा लागतो.

दिवसाचे अंतर

आरव्ही वापरणाऱ्यांमध्ये तीनाचा नियम प्रचलित आहे : दिवसाला ३०० मैलांपेक्षा अधिक जाऊ नये, दुपारी ३ पर्यंत मुक्कामी पोहोचावे आणि शक्य तेथे ३ रात्री राहावे. आम्ही आमच्या ग्राहकांना पहिला आकडा आणखी कमी धरण्यास सांगतो. नकाशावर पाच तासांचे दिसणारे अंतर मोठ्या गाडीला सात तास घेते, कारण चढावर वेग कमी होतो, इंधन भरायला वेळ लागतो, जेवणासाठी थांबताना आधी जागा शोधावी लागते आणि जोराच्या वाऱ्यात वेग कमी ठेवावाच लागतो. दुपारी ३ ही वेळ मात्र कधीही सैल करू नये. उजेडात जागेवर गाडी मागे घेणे, ती समतल करणे, वीज आणि पाणी जोडणे ही कामे शांतपणे होतात. तीच कामे अंधारात, थकलेल्या चालकाने आणि भुकेल्या मुलांसह करताना झाडाला धडक बसते.

चालक दोन असावेत आणि दोघांनीही प्रवासापूर्वी रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करावा. मागच्या चाकांमागे गाडीचा बराच भाग असतो. वळताना तो विरुद्ध दिशेला बाहेर फिरतो, आणि खांब, कुंपण, पंप यांना लागणारे धक्के बहुतेक याच भागाचे असतात. परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात ४० फुटांपेक्षा लांब मोटरहोमसाठी वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो.

डोंगरातील उतारांची माहिती आदल्या दिवशीच घ्यावी. वायोमिंग आणि आयडाहो यांच्या सीमेजवळील टीटन खिंडीत उतार १० टक्क्यांपर्यंत आहे. तेथे मोठी गाडी नेण्यापेक्षा स्वॉन व्हॅली आणि अल्पाइनमार्गे जॅक्सनला जाणारा लांबचा रस्ता आम्ही सुचवतो. उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर खालचा करावा, वेग इंजिनाने रोखावा आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता अधूनमधून ठामपणे दाबून सोडावा. तापलेला ब्रेक पकड सोडतो, आणि ते कळते तेव्हा उतार अजून बाकी असतो.

मुक्कामाची नोंदणी

उन्हाळ्यात मोठ्या गाडीला जागा मिळणे हा प्रवासातील सर्वांत कठीण भाग आहे, म्हणून गाडी नोंदवण्याआधी निदान महत्त्वाच्या दोन-तीन मुक्कामांची खात्री करावी. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर अनेक कॅम्पग्राउंडांची नोंदणी सहा महिने आधी खुली होते, तर योसेमिटी उद्यानाच्या खोऱ्यातील कॅम्पग्राउंडांची पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला एकदम होते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातील योसेमिटीसाठी फेब्रुवारीतच संगणकासमोर बसावे लागते, असा याचा अर्थ. मे महिन्याचा शेवटचा सोमवार, ४ जुलै आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार यांना लागून येणाऱ्या सुट्ट्यांत रस्त्यावर असण्यापेक्षा एकाच जागी मुक्काम ठेवलेला बरा.

जागा निवडताना तिची लांबी पाहावी, आणि सोबत मोटार असेल तर दोन्हींची मिळून लांबी धरावी. नवख्या चालकाने एका बाजूने शिरून दुसरीकडून बाहेर पडता येईल अशी, म्हणजे ‘पुल-थ्रू’ जागा घ्यावी. वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या एकत्र मिळाल्या तर त्यास ‘फुल हुकअप’ म्हणतात. राष्ट्रीय उद्यानांच्या आत ही सोय दुर्मीळ आहे. यलोस्टोनमध्ये ती फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क येथे आहे (आणि अस्वलांच्या वावरामुळे तेथे तंबूंना परवानगी नाही), ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर ट्रेलर व्हिलेज येथे आहे, तर योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडांत कोठेही नाही. म्हणून दोन-तीन रात्री जोडणीशिवाय आणि त्यानंतर एक रात्र उद्यानाबाहेर फुल हुकअपवर, अशी मुक्कामांची गुंफण करावी. त्या एका रात्रीत टाक्या रिकाम्या होतात, कपडे धुतले जातात आणि सर्वांची मनसोक्त अंघोळ होते. सहलीतली चिडचिड अशा एका रात्रीने कमी होताना आम्ही वारंवार पाहिले आहे.

ऑगस्टमध्ये पश्चिमेकडील राज्यांत वणव्यांचा धूर शेकडो मैल पसरू शकतो. निदान एका टप्प्यासाठी पर्यायी दिशा आधीच ठरवून ठेवावी आणि नोंदणी रद्द करण्याची अंतिम मुदत वहीत लिहून ठेवावी. घरात दम्याचे रुग्ण किंवा भारतातून आलेले वृद्ध आईवडील असतील तर ही तयारी ऐच्छिक मानू नये.

उष्णता आणि वीज

मोटरहोमच्या भिंती घरासारख्या जाड नसतात. छतावरील एअर कंडिशनर आतील हवा बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंश फॅरेनहाइटने थंड ठेवू शकतो, त्यामुळे बाहेर ११० अंश असताना आत ७२ अंशांची अपेक्षा धरू नये. डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले होते. जुलै-ऑगस्टमध्ये हा भाग मार्गातून वगळावा आणि उंचावरील प्रदेश निवडावा, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. वाळवंट ओलांडणे अटळ असेल तर पहाटे निघावे, आणि प्यायचे पाणी टाकीवर विसंबून न राहता वेगळ्या बाटल्यांत भरून घ्यावे.

कॅम्पग्राउंडमधील विजेची जोडणी ३० किंवा ५० अँपिअरची असते. ३० अँपिअरच्या जोडणीतून १२० व्होल्टवर ३,६०० वॉट मिळतात, ५० अँपिअरच्या जोडणीत दोन वेगळ्या वाहिन्या असल्याने एकूण १२,००० वॉट मिळतात. हा फरक सुमारे पावणेदोन पटीचा नसून तिपटीहून अधिक आहे. ज्या गाडीत दोन एअर कंडिशनर आहेत ती ३० अँपिअरच्या जागेवर लावल्यास एकाच वेळी दोन्ही चालवता येणार नाहीत, आणि एक चालू असताना मायक्रोवेव्ह लावला तरी फ्यूज पडू शकतो. भर दुपारी सगळ्या गाड्यांचे एअर कंडिशनर चालू असताना जोडणीचा व्होल्टेज घसरतो आणि कॉम्प्रेसरला इजा होते. आमच्या प्रत्येक गाडीसोबत व्होल्टेज तपासून वीज तोडणारे संरक्षक उपकरण दिलेले आहे. ते आधी जागेवरील विजेच्या खांबाला लावून मगच गाडीची केबल जोडावी. जनरेटर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदच ठेवावा. अनेक उद्यानांत त्याची वेळ याहूनही मर्यादित असते.

पाणी, वजन आणि टाक्या

एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरते, म्हणजे १०० गॅलनची टाकी पूर्ण भरली तर गाडीत ८३४ पौंड, जवळजवळ ३७८ किलो वाढतात. गाडीच्या दाराजवळील पिवळ्या पट्टीवर माणसे व सामान मिळून किती भार चालेल हे लिहिलेले असते. ते वाचल्यावर तांदळाच्या पोत्याचा विचार बहुधा मागे पडतो. जोडणी असलेल्या मुक्कामाकडे जाताना टाकी एक तृतीयांश भरली तरी पुरते. टायरमधील हवा सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. उन्हाळ्यात कमी हवा आणि जास्त भार एकत्र आले की टायर फुटतो.

सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, शौचालयाची काळी आणि बेसिन व अंघोळीची करडी. मुक्कामावर जोडणी असली तरी काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवावा. तो उघडा राहिल्यास पाणी वाहून जाते आणि घट्ट मैला तळाशी बसतो, जो नंतर काढणे फार कठीण होते. टाकी दोन तृतीयांश भरल्यावर आधी काळी आणि मग करडी रिकामी करावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. या कामासाठी हातमोजे गाडीत ठेवलेले आहेत. पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप सांडपाण्याच्या पाइपच्या कप्प्यात कधीही ठेवू नये.

इंधनाचा अंदाज

पेट्रोलवर चालणारी मोठी मोटरहोम एका गॅलनमध्ये साधारण ८ मैल जाते असे धरावे. २,४०० मैलांच्या प्रवासाला ३०० गॅलन लागतील. त्याला मार्गावरील राज्यांच्या चालू दराने गुणावे आणि चढ, वारा व जनरेटर यांसाठी वर काही राखून ठेवावे. शक्य तेथे ट्रकचालकांसाठीच्या मोठ्या पंपांवर थांबावे, तेथे वळायला जागा आणि छताला उंची दोन्ही असतात.

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी किमान दोन तास मोकळे ठेवून दोन्ही चालकांनी यावे. स्लाइड-आउट (गाडीच्या भिंतीचा बाहेर सरकणारा भाग) उघडणे व बंद करणे, गाडी समतल करणे, टाक्या रिकाम्या करणे आणि वीज जोडणे ही कामे आमचे कर्मचारी दाखवतील आणि नंतर प्रत्येक काम आपल्याकडून एकेकदा करून घेतील. आपल्या मोटारीचा किंवा क्रेडिट कार्डाचा विमा भाड्याच्या मोटरहोमला लागू होतो का, हे त्याआधी विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे आणि ते पत्र सोबत आणावे. मार्गाचा कच्चा आराखडा किमान एक आठवडा आधी पाठवल्यास पूल, उतार, बोगदे आणि जागांची लांबी आम्ही आपल्या गाडीच्या मापांशी ताडून पाहू. या तपासणीचे वेगळे शुल्क नाही.